गोड्या पाण्यातल्या नावांचे वकील

भास्करराव पाठकांची पहिली भेट हिंगोलीत त्यांच्या करसल्ल्याच्या कचेरीत झाली. मी पुसेगावहून कामाच्या शोधात आलो होतो. "वाचता येतं का?" त्यांनी विचारलं. पदवीधराला हा प्रश्न! मी फुगलोच. त्यांनी एक शासकीय आदेश पुढे सरकवला आणि दुसऱ्याच ओळीत माझी गाडी अडली. "उद्यापासून या," ते हसून म्हणाले.

त्याच वर्षी धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचे मारोतराव आले. मासेमारीच्या नावांना करसवलतीचं डिझेल मिळतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. पण नियम होता फक्त समुद्रातल्या नावांसाठी. इकडे इंजिन परवडेना म्हणून माणसं वल्ह्यांवर आली होती आणि लांबच्या जाळ्यांपर्यंत पोचणं होत नव्हतं. मला कळवळा आला आणि मी नको तो शहाणपणा केला. अर्जात 'बंदर' या रकान्यात शाळेच्या सहलीत पाहिलेल्या एका कोकणी गावाचं नाव ठोकून दिलं.

भास्कररावांनी ते खोडून तिथे धरणाचं नाव लिहिलं.

"साहेब, काहून खोडून राहिले?" मारोतराव कळवळले. "खाऱ्या पाण्यात डिझेल जळतंय अन् गोड्या पाण्यात न्हाई का?"

"बराबर आहे तुमचं. तेच सरकारला विचारू. पण खोटं पकडलं गेलं, तर सोसायटी तुमची बुडेल, माझी कचेरी नाही."

अर्ज फेटाळला गेला. मला भास्कररावांचा फार राग आला; आज त्या रागाची लाज वाटते. त्यांनी मात्र मला एका शब्दानेही दुखावलं नाही. दुसऱ्या दिवशी धरणावर नेलं, नावेत बसवलं आणि वल्हं हाती दिलं. तासाभरात तळव्यांना फोड आले. "आता निवेदन लिहा," ते म्हणाले.

नियम बदलावा म्हणून तेव्हापासून निवेदनं जातच आहेत. प्रत्येक मसुदा भास्करराव आधी धरणकाठी वाचून दाखवतात, आणि मच्छीमारांना कळला नाही तो शब्द बदलतात. माझी मराठी तिथेच सुधारली.

त्यांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं मी मनापासून म्हणतो आणि त्यात आमचा स्वार्थही आहे. या लेखासाठी भेटलो, तेव्हा मारोतराव म्हणाले, "साहेबांना सांगा, कागद येईस्तोवर थकायचं न्हाई. आमी अजून वल्हवून राहिलो."