पेटीतला किनारा

समिंदरकाका चहाचा शेवटचा घोट कधी पीत नसत. कप हळूहळू हलवून तळाची भुकटी कशी उठते ते पाहत बसत आणि समोरच्यालाही पाहायला लावत. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, म्हणूनच पोरांनी हे नाव ठेवलेलं.

सेलूच्या सुताराकडून त्यांनी दहा हात लांब सागवानी पेटी करून घेतली होती, एका बाजूला काच लावलेली. तळाला धाम नदीची धुतलेली रेती, वर वीतभर पाणी. एका टोकाची फळी मागेपुढे ढकलली की लाट निघे. रेतीवर बारीक वळ्या पडत आणि पाणी उलटं फिरताना वळीमागून रेतीचा ढग उसळे.

"पाह्य, पाणी जोरात असते तवा नाई, पलटते तवा उठते," काका म्हणत. "लाट रेती निस्ती उचलते. न्याले वाहती धार लागते."

बंदरं रेतीनं का बुजतात ते त्यांना या पेटीतून सिद्ध करायचं होतं. आठ वर्षं मोजमापं चालली. प्राध्यापक हसत, "काका, मासे कधी सोडता?"

"तुम्हालेच सोडतो. पोहता येते काय?"

आम्ही धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे मी आजही छातीठोक सांगतो. मुलाखतीला मुंबईला निघालो तेव्हा काका म्हणाले, "लाट नीट पाहून येजो. किनाऱ्यावर आपटून वापस जाते ना, आपल्या पेटीसारखी?"

पाहिलं. तिथे भिंतच नव्हती. लाट रेतीच्या उतारावर फुटायची, पसरत जायची आणि विरायची. विहिरी आणि हौदच पाहिलेल्या माणसानं पेटीच्या दुसऱ्या टोकाला उभी फळी ठोकली होती.

परतलो तर मोजमापांच्या सगळ्या वह्या लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या. माझी जीभ रेटेना. "अगदी तशीच, काका," मी म्हणालो. त्यांनी त्याच दिवशी वह्या मुंबईला बंदरखात्याकडे धाडल्या.

उत्तर वर्षभरानं आलं. काकांच्या रिटायरमेंटला महिना उरला होता. चार ओळींचं इंग्रजी पत्र मीच वाचून दाखवलं. टोकाला उतार हवा होता. भिंतीवरून परतलेल्या लाटेमुळे सारी मोजमापं निकामी.

"तू तं पाहून आलता ना?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं? एक वर्ष होतं ना हाती. उतार ठोकला असता."

मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"शिकलेल्या माणसाले विचारलं होतं मी," ते म्हणाले, आणि पत्राची घडी घातली.

पुढे सेलूला त्यांच्या घरी त्यांना दोनदा भेटलो. माझी नोकरी, आईची तब्येत, सगळं आपुलकीनं विचारलं. पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढता आला नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं.