मातालेना बाईंच्या वर्गात न झालेलं महायुद्ध

मातालेना आमच्या शाळेत जगाचा इतिहास शिकवते आणि मी शेजारच्या वर्गात गणित. आमच्या सवाई नावाच्या बेटावरच्या शाळांना भिंती अर्ध्याच असतात, त्यामुळे तिचा इतिहास मला गेली एकवीस वर्षं फुकटात ऐकायला मिळतोय.

पहिली दोन वर्षं ऐकण्यासारखं काही नव्हतं. ती फळ्यावर सनावळ्या लिहायची आणि पोरं उतरवून घ्यायची. जेवणानंतरच्या तासाला तर अर्धा वर्ग घोरायचा. एकदा परीक्षेत कोणीतरी लिहिलं, ‘नेपोलियन हा रोमचा तिसरा पोप होता.’ मातालेना तो पेपर घेऊन माझ्याकडे आली आणि पायरीवर मटकन बसली.

“हे त्याचं चुकलेलं नाही गं, माझं चुकलंय,” ती म्हणाली. “उद्यापासून फळा बंद.”

दुसऱ्या दिवशी तिने नारळाच्या दुधात भाजलेला एक गोड पाव आणला आणि वर्गाला शाळेच्या फाटकापासून चर्चपर्यंत रांगेत उभं केलं. फाटकात चीन, चर्चपाशी रोम, मधे सगळे व्यापारी. पाव हातोहात पुढे सरकवायचा आणि प्रत्येकाने आपली दलाली म्हणून एक घास खायचा. रोमच्या हातात पोचला तो पाव गुंडाळलेला नुसता कागद. रोम झालेली पोरगी रडवेली होऊन ओरडली, “बाई, मी समुद्रातून जाऊन थेट आणते!” त्यावर मातालेनाने जहाजांचा धडा सुरू केला. त्या दिवशी कोणी घोरलं नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी तिने दोघांना खुर्च्यांवर बसवून पंखे दिले आणि बाकी तीस जणांना उन्हात उभं केलं. क्रांती तिला शिकवावीच लागली नाही. नवव्या मिनिटाला आपोआप झाली आणि एक खुर्ची मोडली.

मोडलेल्या खुर्चीची तक्रार वर गेली असावी. कारण पुढच्या सत्रात राजधानीहून, आपियाहून, बोटीने एक तपासनीस आले, लेओता साहेब. जाडजूड, घामाघूम, काखेत वही. ते मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, “चालू द्या.”

त्या दिवशी नेमकं पहिलं महायुद्ध होतं.

मातालेनाने पोरांना देश वाटले होते. ऑस्ट्रिया म्हणजे लुपे, गावच्या मोठ्या सरदाराची मुलगी, नाकावर माशी बसू न देणारी. तिच्या कमरेला काथ्याच्या दोरीने बांधलेली तिची मैत्रीण पेनिना, म्हणजे जर्मनी. समोर सर्बिया, काटकुळा सिआओसी. त्याला बांधलेला रशिया म्हणजे फेतू. हा रग्बीत दांडगा, पण जागचा हलायला अर्धा तास लावणारा. ढकलगाडीत टोपी घातलेला भोपळा ठेवला होता, तो ऑस्ट्रियाचा राजपुत्र. सिआओसीच्या बाजूच्या एकाने गलोल मारली, भोपळा खाली पडून फुटला आणि वर्ग किंचाळला.

लुपे उठली. “माझा माणूस मारलात! आता बघतेच तुमच्याकडे!”

“हो, बघच!” पेनिनाने मागून ठिणगी टाकली. “मी आहे तुझ्या पाठीशी!”

सिआओसीने फेतूकडे पाहिलं. फेतू कमरेची लुंगी सावरत उठत होता. सिआओसीने क्षणभर विचार केला, बाईंच्या खुर्चीवरची चटई उचलली, डोक्यावर पांघरली आणि लुपेच्या बाकासमोर मान खाली घालून जमिनीवर बसला.

आमच्याकडे खून झाला की मारणाऱ्याच्या घरचे पहाटे असेच येऊन बसतात, मेलेल्याच्या अंगणात, चटईखाली. मारा नाहीतर चटई उचलून माफ करा. यात हसण्यासारखं काही नसतं.

लुपे गोंधळली. “बाई, आता मी काय करू?”

“तुझं घर, तुझं दार,” मातालेना म्हणाली. “मला काय विचारतेस?”

“माफ करू नकोस हं!” पेनिना कुजबुजली.

“तू गप गं! तुझ्या घरचं मेलंय का कोणी?” लुपे तिच्यावर खेकसली. मग पुढे झाली आणि तिने सिआओसीच्या डोक्यावरची चटई उचलली.

संपलं. महायुद्ध सुरू होण्याआधीच मिटलं. तेवढ्यात फेतू एकदाचा सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मी उगाच उठलो?”

मी माझ्या वर्गातल्या समीकरणाला पाठ करून अर्ध्या भिंतीपाशी उभी होते. लेओता साहेबांनी वही उघडली. “मातालेना बाई,” ते सावकाश म्हणाले, “पाठ्यपुस्तकातलं युद्ध कुठे गेलं?”

तिच्या कपाळावर घाम दिसत होता. पण ती वळली ती पोरांकडे. “साहेब बरोबर विचारतायत. एवढं सोपं होतं तर त्यांनी का नाही केलं हे?”

आणि पोरं तुटून पडली. कोणी म्हणालं, तिकडे तारा पाठवत होते, दारात कोणी आलंच नाही. कोणी म्हणालं, ऑस्ट्रियाला माफी नकोच होती, निमित्त हवं होतं. पेनिना ओशाळून म्हणाली, “माझ्यासारखं कोणीतरी मागून फुंकत होतं.” सिआओसी म्हणाला, “आणि ही दोरी, बाई. एक पडला की सगळे ओढले जातात.”

“आणि चटई!” मागून लेओता साहेबांचा आवाज आला. ते उभेच राहिले होते. “राजपुत्र मेलाय, आणि तू खुर्चीवरची चटई घेऊन आलास? घरातली सगळ्यात बारीक विणीची हवी. आणि पोराने नाही, घरच्या सरदाराने बसायचं! मी असतो तर तुला दुपारपर्यंत उन्हात ठेवला असता.” वर्ग हसला, साहेबही हसले.

हसू ओसरल्यावर मातालेनाने हळूच विचारलं, “युरोपातलं भांडण ते. आपलं काय गेलं त्यात?”

पोरं आठवू लागली. युद्ध सुरू झाल्यावर महिन्याभरात आपियाला परके सैनिक उतरले, आपल्यावर राज्य करणाऱ्या जर्मनांचा झेंडा गेला, दुसऱ्यांचा आला. युद्ध संपताना बोटीतून तापाची साथ आली आणि दर पाच माणसांतलं एक गेलं. लुपे म्हणाली, “आमच्या घरामागे आहे ती थडग्यांची रांग.” साहेब खाली बसले. ते म्हणाले, “आमच्याकडेही आहे.”

त्यांच्या अहवालात लिहिलं होतं, ‘अभ्यासक्रम सोडून शिकवतात. इतर शिक्षकांनी येऊन पाहावं.’ वार्षिक परीक्षेत सिआओसीने युद्धाच्या कारणांवर चार पानं लिहिली आणि शेवटी ठोकून दिलं, ‘कोणीही दारात जाऊन बसलं नाही.’ तपासणाऱ्याने त्या वाक्यावर लाल रेघ मारली. मातालेनाने तीन पानी निषेधाचं पत्र धाडलं. गुण काही वाढले नाहीत. पण पुढच्या वर्षी तिलाच आपियाला शिक्षकांना शिकवायला बोलावलं.

ती एक सत्र राहिली आणि परत आली. मी विचारलं, “का गं, जमलं नाही?”

“चाळीस शिक्षक होते,” ती म्हणाली. “मी प्रत्येकाला एकेक साम्राज्य दिलं. कोणी सोडायलाच तयार होईना! दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आपली पोरं बरी बाई, निदान घंटा झाली की देश सोडून घरी जातात.”