हळद लागलेली चावी

अनसूयाकाकी एकाच माणसाला दोन नावांनी हाक मारायच्या. वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये "शेठ" आणि लग्नाच्या मांडवात "बाला". मी हसले की म्हणायच्या, "हितं तो मालक हाय, तितं मी हाय!"

गोडाऊनमध्ये काकी दिवसभर खोक्यांना टेप मारत. मांडवात मात्र त्या धवलारीण, लग्नातले धवले गाणारी मानाची बाई. त्यांनी पहिला धवला गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. शेठ आणि त्या एकाच भावकीतले. शेठची जमीन हायवेला लागून निघाली, काकींची आत, डोंगराखाली. एवढाच काय तो फरक.

मी तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर. ऑफिसच्या संडासाची चावी माझ्याकडे असायची, फक्त स्टाफसाठी. पॅकिंगच्या बायका कंपाउंडमागच्या झुडपांत जात. एकदा एका पोरीचं पोट बिघडलं म्हणून काकींनी चावी मागितली. "शेठना विचारते," मी म्हणाले आणि नोकरीच्या भीतीने विचारलंच नाही. त्याची मला अजून लाज वाटते. काकी रागावल्या नाहीत. "तुजी पन नोकरीच हाय गो बाय," एवढंच म्हणाल्या.

पुढे शेठच्या मुलीची हळद आली. नवरी पाटावर बसली, डीजे थांबला, शेठ मानाची साडी घेऊन उभे. काकी मात्र तोंड उघडेनात.

"साडी नको बाला."

"मग काय पायजे काकी? सांग ना!"

"ऑफिसची चावी."

शेठचा चेहरा पडला. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"घाबरू नको रं, संडासची! आमी बाया झुडपात जाताव. तुजी पोर जाईल का?"

तेवढ्यात शेठची म्हातारी आई खाटेवरून ओरडली, "दे रं मेल्या, हलद सुकतेय!"

सगळे हसले, शेठसुद्धा. "उद्यापासून चावी बाहेर टांगायची," त्यांनी मला सांगितलं. पण चावी माझ्या पर्समध्येच होती. उद्याची वाट न बघता मी ती काढून काकींच्या हातात दिली. त्यांनी आधी तिला हळद लावली आणि मग असा खणखणीत धवला धरला की मला रडूच आलं.

सोमवारी काकी पुन्हा टेप घेऊन हजर. "नमस्कार शेठ!"

गुडघे थकले म्हणून गेल्या वर्षी त्यांनी काम सोडलं. निघताना दाराशेजारच्या खिळ्यावरची चावी हलवून म्हणाल्या, "बाय, ही परत पर्समधी जाऊ देऊ नको."

काल शेठचा नवा मॅनेजर तीच चावी खिळ्यावरून काढायला आला. मी खुर्चीतून उठले आणि खिळ्यासमोर जाऊन उभी राहिले.