आपांचा परवाना

आपा कोणत्याही कचेरीत 'काम कधी होईल?' असं विचारत नसत. टेबलापलीकडच्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत ते काठीवर भार टाकून उभे राहत, मान हलवत, आणि शेवटी एवढंच म्हणत, "मग उद्या येव काय परवा?" त्यात राग नसे, टोमणाही नसे. पण समोरचा कारकून गडबडून जाई. येऊच नका म्हणायची सोय त्या प्रश्नात नव्हती.

मी मराठी शाळेत मास्तर म्हणून त्या बंदराच्या गावी आलो आणि आपांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहू लागलो. आमचा सगळा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. आपा पूर्वी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. डोलकाठीवरून पडून त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला, तेव्हापासून ते जमिनीवर आले. घरात बायको आणि दोन मुली. वहिनी काजूच्या कारखान्यात जायच्या. बिया फोडताना सालातलं तेल बोटांना लागतं, ते कातडी जाळत जातं. वहिनींची बोटं टोकाला काळी पडून सोलली होती. भात कालवताना त्यांना मीठ झोंबायचं, म्हणून त्या चमच्याने जेवत. आपा त्या वेळी ताटाकडे बघत नसत.

एस.टी. सुरू झाली आणि तिचा थांबा नेमका आपांच्या अंगणासमोर आला. आतल्या गावांतली माणसं सायकलवरून यायची, आपांच्या आंब्याफणसाखाली सायकल लावायची आणि एस.टी. पकडून पुढे जायची. आपा दिवसभर ओटीवर बसलेलेच असत. येताना कुणी नारळ ठेवी, कुणी कोकमं. मग एके दिवशी एक सायकल चोरीला गेली. आठवड्याभरात ती खाडीपलीकडे सापडलीही, पण तोवर तक्रार झाली होती. नगरपालिकेची नोटीस आली, की विनापरवाना वाहनतळ चालवता, तर परवाना घ्या नाहीतर बंद करा.

नोटीस मी वाचून दाखवली. आपांनी तिची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे लायसन घेतला तर पैसे घेवक मिळतले?"

"मिळतील. रीतसर."

"मग काढूयाच. लायसन गावला की हिका कारखान्यात धाडूचंय नाय."

अर्ज मी लिहिला. तो पहिला. पुढे किती लिहिले ते आठवत नाही. आठवतो तो कंटाळा. शाळा सुटली की आपांबरोबर कचेरीत जायचं, तिथल्या बाकावर बसायचं, आणि भिंतीवरची पाल बघत राहायचं. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता, तोही थकलेलाच होता. त्याची अडचण खरी होती.

"अहो, नियमात सायकलींचा तळ असा शब्दच नाही," तो म्हणाला. "बैलगाड्यांचा तळ आहे. त्याखाली देता येईल. पण मग त्याच्या अटी लागू होतील."

"कुठल्या अटी?" आपांनी विचारलं. कचेरीत ते शाळेतली मराठी बोलत. ती त्यांच्या अंगावर उसन्या कोटासारखी दिसे.

"कुंपण पाहिजे. फाटक पाहिजे. बैलांना पाणी प्यायला दगडी डोण पाहिजे."

"साहेब, पण सायकली पाणी खंय पितत?" आपांची शाळेतली मराठी तिथेच संपली. हेडक्लार्क हसला, मीही हसलो. आपा हसले नाहीत. त्यांनी उद्या येव काय परवा ते विचारलं आणि घरी येऊन डोण बांधायला घेतली.

चिरे त्यांनी स्वतः तासले, बसून. पावसाळ्याआधी डोण उभी राहिली. वहिनी कारखान्यातून आल्या, कमरेवर हात ठेवून त्या डोणीकडे बघत राहिल्या. "बैल खंय आसत?" त्यांनी विचारलं. "येतले," आपा म्हणाले. आणि खरंच, बाजाराच्या दिवशी दोन गाडीवाले पाणी बघून आत वळले. ओव्हरसीअर तपासणीला आला तो मात्र डोणीकडे न बघताच म्हणाला, की फाटक रस्त्याच्या फार जवळ आहे, दोन हात मागे घ्या. आपांनी ते मागे घेतलं. पुढच्या वेळी दुसरा ओव्हरसीअर आला. त्याला फाटक अरुंद वाटलं. त्या संध्याकाळी आपा मला म्हणाले, "मास्तर, समुद्रात वारो पडलो की शीड खाली घालून बसाचा. वाऱ्याक शिवी घालून काय होतला?" पण त्यांचा आवाज दमलेला होता. रुंद करायला काढलेलं फाटक महिनाभर तसंच भिंतीला टेकून राहिलं.

वर्ष गेलं. मग शेवटची म्हणून जी अट निघाली, तिथे आपा अडले. जागेच्या उताऱ्यावर त्यांच्या धाकट्या भावाचंही नाव होतं. त्याची संमती हवी होती.

हा भाऊ, बाळा, मुंबईला गोदीत होता. त्याने तिथे एका ख्रिस्ती नर्सशी लग्न केलं होतं. वडिलांनी त्याला घरात घ्यायचं नाकारलं, आणि त्या दिवशी आपा शेजारी उभे असून एक शब्द बोलले नाहीत. वडील वारले तरी ती बंदी तशीच राहिली, कारण ती उठवायची कुणी हे कुणालाच कळेना. बाळा मे महिन्यात यायचा तो धामापूरला आत्याकडे उतरायचा. आमच्या गावाकडे फिरकायचा नाही.

मी म्हटलं, "पत्र लिहितो मी त्यांना."

"नको."

"आपा, एक सही तर हवी."

"सही नको, मास्तर. खंयच्या तोंडान मागू?" ते आत गेले आणि दोन-चार महिने परवान्याचं नाव काढलं नाही. कचेरीत जाणं बंद झालं. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. वहिनी कारखान्यात जात राहिल्या. हिवाळ्यात त्यांच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि हाताला फडकं गुंडाळून त्या धाकट्या मुलीची वेणी घालत होत्या. केस हातातून सुटत होते. आपा ते ओटीवरून बघत होते. मे उजाडल्यावर मला म्हणाले, "मास्तर, धामापुराक येतास?"

आम्ही बैलगाडीने गेलो. आत्याच्या पडवीत बाळा फणस कापत बसला होता, हाताला तेल लावून. शेजारी त्याची बायको गरे वेगळे करत होती. आपा पायरीखाली उभे राहिले, वर चढले नाहीत.

"बाळा, जाग्याच्या कागदार तुझी सही होयी," ते म्हणाले. मग थांबले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तेवा मी बोलाक होया होतंय. बोलाक नाय."

बाळाने सुरी खाली ठेवली. "धा वर्सां लागली तुका?"

"लागली."

 शेवटी त्याची बायकोच उठली, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि आपांसमोर ठेवला. आपांनी तो उचलला, सगळा प्यायले. तेव्हा बाळा म्हणाला, "सही देतंय. पण हय नाय. घराकडे येवन देतंय. हिका घेवन. आणि जेवन जातलंय."

रविवारी ते आले. वहिनींनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवण झाल्यावर बाळाच्या बायकोने वहिनींचा हात मांडीवर घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली, जखम धुऊन पट्टी बांधली आणि काजूला हात लावायच्या आधी काय चोळायचं ते सांगितलं. वहिनी खाली मान घालून रडत होत्या. ओटीवर बाळाने सही केली. तो कागद मी पिशवीत ठेवत होतो, तेव्हा आपा हळूच म्हणाले, "आता लायसन नाय गावला तरी चलात, मास्तर."

पण तो मिळाला. पुढल्या मार्चच्या मधल्या आठवड्यात शिक्का बसला. मी घरी येता येता वाचला आणि वाटेतच थांबलो. मुदत एकतीस मार्चपर्यंत होती. पुढच्या वर्षासाठी नवा अर्ज. आपांना सांगितलं तर ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

दर मार्चला आम्ही जात राहिलो. वहिनींनी कारखाना सोडला. त्यांची बोटं पूर्ववत झाली नाहीत, पण हाताने जेवू लागल्या. मुलींची लग्नं झाली. आपांचा पाय सुजायला लागला, मग दुसराही. तळ मात्र ते एक दिवस बंद ठेवत नसत.

ते गेले भर दुपारी, ओटीवर बसल्या बसल्या. अंगणात सायकलींची रांग उभी होती. मालक कुणी कणकवलीला, कुणी सावंतवाडीला गेलेले. दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. वहिनी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, तुमी हयच बसा. लोकांच्यो सायकली आसत."

आपांना खांद्यावर घेऊन माणसं समुद्राकडे गेली आणि मी तळावर बसलो. संध्याकाळच्या गाड्या येऊ लागल्या. जो तो उतरे आणि विचारी, "आपा खंय?" मी सांगे. तो थबके, काहीतरी पुटपुटे, सायकल घेऊन जाई. पुन्हा दुसरा येई. तेच शब्द उच्चारून उच्चारून माझी जीभ जड झाली. शेवटी एक म्हातारा उतरला, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. त्यानेही विचारलं.  मी नुसता समुद्राच्या वाटेकडे हात केला.

त्याने टोपी काढली. अजून उरलेल्या सायकलींकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी जावा, मास्तर," तो म्हणाला. "अजून पोचतलास तुमी. मी बसतंय हय."

मी धावतच निघालो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा पुढची गाडी आली होती, आणि तो म्हातारा फाटकाशी उभा राहून उतरलेल्या कुणालातरी त्याची सायकल काढून देत होता.