आमच्या गल्लीतून गेलेली रेघ

"पूस की गं तेवढं."

ग्रामपंचायतीच्या टेबलावर चहा सांडला होता. आबांच्याच हातून. शिपाई शेजारी उभा होता, त्याला नाही सांगितलं. मला सांगितलं. मी गावची आशा सेविका. दवाखान्याचा कागद द्यायला आले होते आणि भिंतीवर लावलेला नव्या प्रभागांचा नकाशा बघत उभी राहिले होते. आबा माजी सरपंच. त्यांच्या सुनेच्या दोन्ही बाळंतपणांना रिक्षात तिचा हात धरून मीच बसले होते.

तरी मी पुसलं. माझ्या रुमालानं.

मग विचारलं, "आबा, आमचा बौद्धवाडा दोन प्रभागांत कसा गेला?"

"तुला नकाशा कळतोय व्हय? तू आपल्या गोळ्या वाट."

तिथं बसलेले सगळे हसले. माझा चुलता तात्या, तोही हसला.

मला नकाशा कळत होता. या गावातलं दार न् दार मला माहीत आहे. रेघ आमच्या गल्लीच्या मधोमध गेली होती. समोरच्या घरातली माझी नणंद एका प्रभागात, मी दुसऱ्यात. आधी सगळी वस्ती एकत्र होती, म्हणून मागच्या वेळी आम्ही आमच्या मनाची बाई निवडून दिली. समाजमंदिरापुढची मोकळी जागा आबांना गोदामासाठी हवी होती. ती बाई भर सभेत उठून नाही म्हणाली. ठराव अडला. तेव्हाच ही रेघ आबांच्या डोक्यात आली असणार.

पंचायतीतली आमच्यासाठीची राखीव जागा गेली नव्हती. पण ती ज्या प्रभागात पडली तिथं आमची मतं मूठभर. जागा आमची, माणूस ते निवडणार. आणि तो माणूस तात्या, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तात्या आबांचा ट्रॅक्टर चालवतो.

मी हरकत लिहिली. सुनावणीला कोल्हापूरला गेलो, मी आणि वस्तीतल्या नऊ बाया, कामाचा खाडा करून. दारावरच्या माणसानं बायांना अडवलं. "अर्जदार एकटाच आत." आत गेले, तर आबा खुर्चीत बसलेले. शेजारी तात्या.

वस्तीतलं घर न् घर नोंदलेली माझी वही मी सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढं ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली.

"ही आरोग्याची नोंद आहे. हिचा इथं काय संबंध?"

तात्या उठला. "वस्तीची हरकत न्हाय सायेब. ही एकलीच वाद घालतीया."

दाराबाहेर नऊ बाया उभ्या होत्या.

साहेब म्हणाले, "मागं घेता का अर्ज? विषय संपवू."

मी बोलायच्या आधी आबा म्हणाले, "घिईल की. सही कर गं."

तोच आवाज. पूस म्हणणारा. पण पेन मी उचललं नाही.

"न्हाय. फेटाळायचा तर फेटाळा सायेब. पन का फेटाळला, ते लिवून द्या."

आबा पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघायला लागले. साहेबांनी लिहिलं, 'रचना नियमानुसार आहे.' एवढंच. शिक्का मारला. आम्ही हरलो.

बाहेर स्टँडवर तात्या जवळ आला. "पोरी, त्येंच्या ट्रॅक्टरवर हाय मी. काय करू सांग."

"उभा राहू नकोस."

तो आबांच्या गाडीत जाऊन बसला.

मला त्याची कीव आली नाही. अजून येत नाही. रेघ ओढणाऱ्याइतकाच राग मला तिच्यावर उभं राहणाऱ्याचा येतो. माझाही येतो. ते टेबल मी पुसलं होतं.

आता त्याच प्रभागातून मी अर्ज भरणार आहे, तात्याविरुद्ध. आशाचं काम सोडावं लागलं तर सोडीन. आबांच्या गल्लीतही मत मागायला जाईन, त्यांच्या दारात उभी राहून. बहुतेक पडेन. पडू दे. पण आमच्या जागेवर त्यांचा माणूस बिनविरोध बसणार नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही.