बायकांचा तास

वसई पूर्वेला आमची सोसायटी सात इमारतींची, आणि सातांत मिळून एक स्विमिंग पूल. बिल्डरच्या माहितीपत्रकात तो एवढा मोठा दिसत होता की आम्ही दोघं तासभर त्याच्याकडेच बघत बसलो आणि स्वयंपाकघर किती लहान आहे हे बघायचं राहून गेलं. प्रत्यक्षात दहा हात मारले की पलीकडची भिंत लागते.

दाराशी नियमांचा फलक आहे. उतरण्याआधी शॉवर घ्यावा. डोक्याला तेल लावून पाण्यात येऊ नये. नायलॉनचा पोशाख आणि टोपी सक्तीची. खाण्याचे पदार्थ आणू नयेत. पाण्यात थुंकू नये, ही ओळ मागाहून वेगळ्या रंगात घातलेली आहे. ती का घालावी लागली, ते न सांगितलेलं बरं. आणि सगळ्यात खाली, महिलांसाठी राखीव वेळ सकाळी अकरा ते बारा.

हा बायकांचा तास कमिटीने आधी तीन महिन्यांसाठी दिला होता. घरून काम करणाऱ्या पुरुषांना नेमकी तीच वेळ हवी होती. तेव्हा असं ठरलं की रोज सरासरी पाच बायका पाण्यात उतरल्या तर तास कायम, नाहीतर सगळ्यांना खुला. मला ते रास्त वाटलं. रजिस्टर ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण बत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि हजेरीच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आमचे हे म्हणाले, "शाळेतून निवृत्त झालीस, हजेरीपटातून कधी होणार?" ज्यांना आपला चष्मा कुठे आहे हे माहीत नसतं, त्यांनी नोंदींविषयी बोलू नये.

पहिल्या आठवड्यात सी विंगमधल्या मावशी आल्या. मूळच्या अर्नाळ्याच्या. चाळीस वर्षं बाजारात पाटावर बसून म्हावरं, म्हणजे मासळी विकली, त्यात दोन्ही गुडघे गेले. मुलाने इथे फ्लॅट घेतला आणि त्यांना आणलं. डॉक्टर म्हणाले होते की साखर एवढी आहे तोवर ऑपरेशन नको, रोज छातीएवढ्या पाण्यात चाला, गुडघा वाकेल. मावशी लुगडं नेसूनच आल्या. वॉचमनने शिट्टी मारली, मी फलक दाखवला. दुसऱ्या दिवशी सून त्यांच्यासाठी लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाख घेऊन आली. तो घालून बाहेर आल्यावर मावशींनी स्वतःकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बोंबलासारखी दिसते मी," त्या म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

त्यांना पोहता येत नव्हतं. मी आश्चर्य दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "दर्यात बापे जातात. आमी बाया काठावरच्या." कडेचा दांडा धरून त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायच्या, वीस फेऱ्या. मी शेजारून पोहायचे. तेवढ्यात बोलणं व्हायचं. त्यांची थोरली बहीण किल्ल्यावर राहते, म्हणजे अर्नाळ्यासमोरच्या बेटावर. तिकडे जायचं तर किनाऱ्यावरून गुडघाभर पाण्यात चालत जायचं आणि होडीच्या काठावरून पाय टाकून आत चढायचं. दोन वर्षांत मावशींना ते जमलं नव्हतं. बहिणीला आता घराबाहेर पडवत नव्हतं, त्यामुळे तीही येऊ शकत नव्हती.

"फोनवर दिसते," मावशी म्हणाल्या. "पन हात लावता येत नाय. मना एकदा होडीत चढता आलं पायजे. बस."

महिनाभरात त्यांचा उजवा गुडघा बराच वाकायला लागला. दुसऱ्या महिन्यात त्या पूलच्या पायऱ्या दांडा न धरता चढल्या आणि वर उभं राहून माझ्याकडे असं बघितलं की मला पहिलीतल्या मुलीने पाटी पुढे करावी तसं वाटलं. मला मनापासून आनंद झाला. मी त्यांना म्हटलं, "शाबास." त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या आहेत हे मला मागाहून आठवलं.

आता बाकीच्या बायकांविषयी. मावशी, मी आणि ए विंगमधली एक निवृत्त बँकवाली, एवढ्या तिघी रोज पाण्यात. शिवाय पाचसहा जणी यायच्या, पण त्यांचं येणं म्हणजे काठावर बसून पाय बुडवणं. एकीने केस रंगवलेले, क्लोरीनने ते हिरवे होतील म्हणून भीती. एकीच्या नवऱ्याला पोशाख पसंत नव्हता. एकीला पाण्याचीच भीती, पण ती दर दिवशी सांगायची की उद्या नक्की उतरते. टाचा पाण्यात, मोबाइल हातात, तोंड चालू. मावशींची फेरी पुरी झाली की त्या टाळ्याही वाजवायच्या. तासाच्या शेवटी सगळ्या रजिस्टरमध्ये सह्या करायच्या.

मला ते पटेना. कमिटीच्या ठरावात शब्द स्पष्ट होता, पाण्यात उतरणाऱ्या. पहिले काही दिवस मी कानाडोळा केला, मग लाल पेन आणलं. जी पाण्यात उतरली नाही तिच्या सहीवर रेघ. शाळेत कितीतरी मुलं वर्गात बसून खिडकीबाहेर असायची, त्यांना मी हजर मांडत असे, हे खरं. पण ती निदान वर्गात तरी असायची.

केस रंगवणारी एकदा हळूच म्हणाली, "टीचर, असू द्या ना सह्या. कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना," मी म्हटलं. "पाय भिजवायला बादलीसुद्धा पुरते."

ती हसली नाही. बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, पुन्हा सह्या केल्या, आणि मी पुन्हा रेघा मारल्या. मला वाटलं, काय चिवट बायका आहेत, गप्पांना जागा हवी म्हणून रजिस्टर खराब करतात. खरं सांगायचं तर मला त्या रेघा मारताना थोडं बरंही वाटायचं.

तीन महिने संपले. कमिटीने रजिस्टर मागवलं. सरासरी तीन भरली. बायकांचा तास रद्द झाला आणि फलकावरची शेवटची ओळ पांढऱ्या रंगाने पुसली गेली.

मी मावशींना गाठून म्हटलं, की सगळ्यांच्या वेळेत या, मी सोबत असते. त्यांनी मान हलवली. "पोराच्या वयाचे बापे असतात. त्यांच्यासमोर हे घालून नाय उतरनार मी. मान ठेवून राहिली बाजारात, आता म्हातारपनी कशाला?" मी पोशाख अंगभर आहे, कुणी बघत नाही, वगैरे बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. त्या आल्या नाहीत.

पुढच्या सभेत मी उठून उभी राहिले. म्हटलं, तास पुन्हा सुरू करा, एका बाईला औषध म्हणून पाणी लागतं. सेक्रेटरी सभ्य माणूस आहे. त्याने रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. "मॅडम, गरज आम्हाला कळते. पण सरासरी पाहिजे होती पाच. या रेघा तुमच्याच हातच्या ना?" मी म्हटलं, हो. "मग आता त्या चुकीच्या होत्या असं म्हणताय का?" चुकीची एकही नव्हती. मी खाली बसले. मागच्या रांगेत काठावर बसणाऱ्या चौघी होत्या, त्यांच्यापैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.

दोन महिने असेच गेले. मावशी लिफ्टमध्ये भेटायच्या, हातात काठी आलेली. मग एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. त्या खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ताट ठेवून जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत होत्या. बहिणीची तब्येत बिघडली म्हणून त्या आदल्या दिवशी अर्नाळ्याला गेल्या होत्या, ते त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं. दोन भाच्यांनी दोन्ही बाजूंनी धरलं, पाण्यातून होडीपर्यंत नेलं. पण पाय उचलून काठावरून टाकायचा, तिथे गुडघा वाकेना. होडी हलत होती, आत बसलेले लोक थांबले होते. भाचे म्हणाले, उचलून ठेवतो. त्या नको म्हणाल्या.

"टोपलीसारखं उचलून ठेवनार? आनि परत येताना? मी म्हटलं, तुमी जा. मी रेतीवर बसली." जवळ्यातला एक लहानसा खेकडा त्यांनी बाजूला काढला. "होडी गेली, माझ्याशिवाय. बहिनीला सांगितलं, ताप आलाय म्हनून."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं असं म्हणणं फार थोडं आहे. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मी त्या सह्या राहू द्यायला हव्या होत्या."

"तुमी खोटं नाय लिवलं मास्तरीन," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "त्या बायांना पान्यात कुटं जायचं व्हतं? घरची कामं टाकून यायच्या. तुमी रेघ मारायच्या तरी यायच्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं, माझ्या सुनंनं सांगितलं व्हतं. रोज पाच भरावे म्हनून बसायच्या त्या, माझ्यासाटी."

मी विचारलं, की मग मला कुणी का नाही सांगितलं.

"भीती वाटायची त्यांना तुमची," मावशी म्हणाल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी जवळा निवडायला लागले. मला सांगितलं असतं, तरी मी रेघ मारलीच असती, हे त्या बायकांना माझ्याआधी कळलं होतं.