अक्काचा रेडा

अक्काला कौतुक करताच येत नसे. कुणाच्या घरी जेवण झकास झालं, तरी हात धुताना ती म्हणायची, "पाणी बरं होतं." ती माझी मोठी मावसबहीण, धरणगावची शिल्पकार. तिच्यासोबत एका घरात मी बरीच वर्षं काढली. भांडणाशिवाय गेलेला दिवस मला आठवत नाही.

ती मातीची जनावरं घडवून भाजायची, पण थाट जुन्या चित्रांतल्या सरदारांचा. मोत्यांचा कंठा घातलेला बोकड, गुलाब हुंगणारी म्हैस. "त्या चित्रकारांनी सगळी कारागिरी नको त्या तोंडांवर वाया घालवली," म्हणायची. चिडली की अहिराणीवर यायची, "सरदार खोटा शे, मना रेडा खरा शे!"

रेडा हे तिचं सर्वांत मोठं काम. खुर्चीत रेलून बसलेला, खांद्यावर शेला, डोक्यावर पगडी. ही बैठक, पगडीसकट, तिने गावातल्या एका पुढाऱ्याच्या दिवाणखान्यातल्या तैलचित्रावरून उचलली होती. पुढाऱ्याच्या आजोबांचं ते चित्र. त्याच्याखाली तिचे वडील कामासाठी तासन्‌तास हात जोडून उभे राहायचे आणि शेजारी लहानगी अक्का.

जळगावच्या प्रदर्शनात तो पुढारी आला आणि रेड्यापुढे थबकला.

"हे आमचे आजोबा आहेत."

"नाही भाऊ, हा रेडा आहे," अक्का म्हणाली. "तुम्हाला फरक दिसत नसेल, तर दोष माझ्या हाताचा नाही."

त्याच्या माणसांनी रेडा ढकलून दिला. सभागृहात एवढी माणसं होती, एकानेही तोंड उघडलं नाही. संयोजक अक्कालाच म्हणाले, "माफी मागून टाका, विषय संपेल."

"मागते की. रेड्याची," म्हणत ती तुकड्यांत बसली.

पुढे तिला कुठलंच सभागृह मिळेना. शाळेने तिचे कलेचे वर्ग बंद केले. एकदा जेवताना मी म्हटलं, "पुढच्या वेळी पगडी तरी बदल."

तिने ताट सरकवलं. "तू त्यांच्यातलीच. जा, उभी ऱ्हाय त्यास्ना दारमा."

त्याच आठवड्यात ती धुळ्याला निघून गेली. तिने फोन केला नाही, मीही केला नाही.

गेल्या वर्षी तिच्या घरमालकीणबाईंनी कळवलं, अक्का गेली. मी धुळ्याला पोचले. खोलीत एकच शिल्प होतं. मेंढी. डोक्यावर पदर, पुढचे पाय मांडीवर जुळवलेले, मान किंचित वळवलेली, एखाद्या जुन्या राणीसारखी.

"ही माझी बहीण, असं सांगायच्या," बाई म्हणाल्या. "कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत."

संतापाने माझे कान तापले. मेल्यावरही टोमणा! मग जवळ जाऊन पाहिलं. पदराची एकेक चुणी, पापणीचा एकेक केस तिने कोरून काढला होता. आयुष्यात माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं.

मेंढी आता माझ्या घरात, दारासमोरच आहे. येणारे विचारतात, ही कोण?

मी सांगते, "मी."